आमची फाईल बंद करू नका

लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करणारे सर्व शल्यविशारद, बालहृदयरोगतज्ज्ञ आणि त्यांची रुग्णालयं चालवणारे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात तपासणीसाठी गेले, तर नेहमीच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ रुग्णांसाठीची मंगळवारची तपासणी बंद करण्यात येत आहे, संबंधितांनी यापुढे सर्वसाधारण हृदयरोग विभागात दाखवावे, एवढाच मजकूर. खाली सही आणि शिक्का. बाहेरच्या बाकांवर आम्ही नऊ-दहा जण होतो. एकेक जण उठून कागद वाचून यायचा आणि पुन्हा जागेवर बसायचा. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "म्हणजे आता आपण कुठे जायचं?" मला काही सांगता आलं नाही.

त्या रुग्णालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. तिथल्या व्यवस्थापनाला मी स्वतंत्र अर्ज दिला आहे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. पण बाकावर बसलेल्या आमच्यापैकी निम्म्या लोकांची ऑपरेशनं वेगवेगळ्या ठिकाणी झाली होती आणि सगळ्यांची कहाणी थोड्याफार फरकाने सारखीच होती. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना.

मी ३७ वर्षांची आहे. जन्मले तीच 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' घेऊन. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक, फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद, महाधमनी सरकून त्या भोकावर आलेली आणि या सगळ्यापायी उजवा खालचा कप्पा जाड झालेला. आई सांगते, मी चालायला लागले तेव्हा दहा-बारा पावलं टाकून मध्येच उकिडवी बसायचे. ओठ आणि नखं जांभळी व्हायची. मिनिटभर गुडघे पोटाशी घेऊन बसले की रंग परत यायचा, मग पुन्हा उठून चालायला लागायचे. उकिडवं बसल्याने पायांच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, अंगाकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसांकडे वळतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. दीड वर्षाच्या पोरीला हे कुणी शिकवलेलं नव्हतं. या आजाराची मुलं आपलं आपण शोधून काढतात.

वयाच्या तिसऱ्या वर्षी आपल्यापैकीच एका शल्यविशारदाने माझी छाती उघडली, भोक बुजवलं, अरुंद वाट चिरून त्यावर पॅच शिवला. मी गुलाबी झाले. शस्त्रक्रियेविना या आजाराची दहातली जेमतेम एखादी व्यक्ती विशी गाठते, हे मला ठाऊक आहे. माझी पहिली ते पंधरावीपर्यंतची सगळी वर्षं, माझी नोकरी, माझं हे पत्र, सगळं त्या काही तासांच्या कामावर उभं आहे. त्या हातांबद्दल माझ्या मनात कृतज्ञतेखेरीज काहीही नाही. तक्रार त्यानंतरच्या वर्षांची आहे.

घरी जाताना मिळालेला कागद आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. घडीच्या रेघांवर तो विरला आहे. त्यावर टंकलेखन यंत्राने उमटवलेल्या तीन ओळी आहेत: टोटल करेक्शन केले. प्रकृती समाधानकारक. गरज वाटल्यास दाखवावे. मागच्या बाजूला आईने स्वतःच्या अक्षरात पुढच्या तपासण्यांच्या तारखा लिहिल्या आहेत. शेवटची तारीख माझ्या दहाव्या वर्षीची. त्यापुढे कागद कोरा आहे.

'टोटल करेक्शन'. पूर्ण दुरुस्ती. माझी पहिली तक्रार या शब्दांबद्दल आहे.

ते कुठून आले हे मी समजू शकते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत बाल्टिमोरला आल्फ्रेड ब्लेलॉक, हेलन टॉसिग आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून निळ्या बाळावरची पहिली 'शंट' शस्त्रक्रिया झाली, म्हणजे हाताकडे जाणारी रक्तवाहिनी फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडून तिकडे जास्त रक्त नेण्याची. ती तात्पुरती वाट होती, आतले दोष तसेच राहायचे. पुढे १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी मुलाचं रक्ताभिसरण एका मोठ्या माणसाच्या रक्ताभिसरणाला जोडून, हृदय उघडून, आतली दुरुस्तीच केली. शंटच्या तुलनेत ही दुरुस्ती पूर्ण होती, म्हणून ते नाव पडलं. त्या काळी कुणीच तीस वर्षांनंतरचं चित्र पाहिलेलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं.

पण आता ते पाहून झालं आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात १९५५ ते १९६० या काळात ज्यांची ही दुरुस्ती झाली आणि जे शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर पडले, त्यांचा पाठपुरावा १९९३ साली प्रसिद्ध झाला. ३२ वर्षांनी त्यांच्यातले ८६ टक्के जिवंत होते, तर त्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांमध्ये हे प्रमाण ९६ टक्के होतं. ८६ हा फार मोठा विजय आहे आणि तो आपला आहे. मात्र उरलेलं दहा टक्क्यांचं अंतर आमचं आहे, ते आमच्या घरांतून जातं. जर्मनीतल्या ४९० रुग्णांचा अभ्यास १९९७ साली आला. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या २५ वर्षांत मृत्यूचा धोका दर वर्षी ०.२४ टक्के होता, २५ वर्षांनंतर तो ०.९४ टक्के झाला. जवळजवळ चौपट. म्हणजे ज्या वयात आमची फाईल बंद झालेली असते, नेमका त्याच वयात धोका चढायला लागतो.

कारणही आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फुप्फुसांकडची वाट रुंद करण्यासाठी पॅच झडपेच्या कड्याच्या आरपार शिवला की झडप मिटत नाही. दर ठोक्याला पुढे गेलेल्या रक्ताचा काही भाग मागे येतो. उजवा कप्पा ते जास्तीचं रक्त सोसतो, हळूहळू मोठा होत जातो, आणि हे वीस-पंचवीस वर्षं इतकं मुकाट चालतं की त्या माणसाला काही जाणवत नाही. म्हणूनच 'गरज वाटल्यास दाखवावे' ही ओळ मला इतकी टोचते. आम्हाला गरज वाटेल तेव्हा उशीर झालेला असतो. गरज यंत्रावर आधी दिसते, अंगाला नंतर कळते.

मला ती एकतिसाव्या वर्षी कळली. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना छातीत धडधड सुरू झाली आणि वर पोचल्यावरही थांबेना. मग ते अधूनमधून होऊ लागलं. एकदा डोळ्यांपुढे अंधारी येऊन मी पायरीवरच बसले. डॉक्टरांनी आधी ताण म्हटलं, नंतर थायरॉइड तपासलं, मग झोपेच्या गोळ्या दिल्या. मीही कधी आग्रहाने सांगितलं नाही की माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं आहे. विचारलं तर सांगायचे, "लहानपणी भोक होतं, बुजवलं, आता काही नाही." मला तसंच सांगण्यात आलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवला होता. दोन वर्षं अशी गेली.

मग एका तरुण डॉक्टरबाईंनी रक्तदाब घेताना गळ्याखाली संपणारा व्रण पाहिला. "कसलं भोक? आत पॅच घातलाय का? कुठे?" तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच, माहीत नाही. त्यांनी तिथल्या तिथे ईसीजी काढला. कागदाची पट्टी बाहेर येत होती तसतशी त्यांच्या भुवयांमधली आठी खोल होत होती. क्यूआरएस, म्हणजे खालच्या कप्प्यांतून विजेची लहर पसरायला लागणारा वेळ, १७६ मिलिसेकंद. या आजारात तो १८० च्या पुढे गेला की जीवघेणी लय बिघडण्याची भीती वाढते, हे १९९५ पासून छापील आहे. एमआरआयमध्ये उजव्या कप्प्याचं आकारमान शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला १८४ मिलिलिटर निघालं. १६० पर्यंत पोचण्याच्या सुमारास झडप बदलली तर कप्पा पूर्ववत होण्याची आशा असते. मी तो थांबा ओलांडून पुढे आले होते.

चौतिसाव्या वर्षी छाती दुसऱ्यांदा उघडली आणि नवी झडप बसली. धडधड कमी झाली आहे. कप्पा थोडा आकसला, पण पूर्ववत झाला नाही, आता होणारही नाही. शस्त्रक्रियेनंतर राउंडला आलेले सर्जन माझ्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "चार-पाच वर्षं आधी यायला हवं होतं." मी मनात म्हटलं, कुणी बोलावलं असतं तर आले असते.

हीच माझी दुसरी तक्रार. अठरावं वर्ष लागलं की मुलांच्या विभागाचं दार बंद होतं आणि पलीकडे कुणी हात धरायला उभं नसतं. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९८३ साली जन्मलेल्या, हृदयदोष असलेल्या मुलांचा माग काढण्यात आला. सहाव्या वाढदिवसानंतर हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत असे २८ टक्के, तेराव्यानंतर ४७ टक्के, अठराव्यानंतर ६१ टक्के. ज्या ठिकाणी सगळ्यांची नोंद सरकारी यंत्रणेत असते आणि डॉक्टरांची फी रुग्णाला भरावी लागत नाही, तिथली ही अवस्था. त्या आकड्यात माझ्यासारख्या 'आता काही नाही' म्हणणाऱ्या किती असतील याचा विचार आला की मला झोप येत नाही.

आमच्या रुग्णालयात तपासणी बंद करण्याचं तोंडी कारण मिळालं ते असं, की प्रौढ रुग्ण फार कमी येतात, खोली आणि डॉक्टर अडकून पडतात. यावर मला सविस्तर बोलायचं आहे, कारण हेच कारण इतर ठिकाणीही देतात. आम्ही कमी नाही आहोत. दर हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांना हृदयदोष असतो. आपल्याच कौशल्यामुळे त्यांतली बहुसंख्य आता मोठी होतात. क्वेबेकमध्येच २०१० साली जन्मजात हृदयदोष असलेल्या एकूण लोकांपैकी दोन तृतीयांश प्रौढ होते. मुलांपेक्षा मोठी माणसं जास्त. मग ती बाकावर दिसत का नाहीत? कारण त्यांना डिस्चार्जच्या दिवशी सांगितलेलं असतं की आता यायची गरज नाही. न आलेल्या रुग्णांची संख्या पाहून तपासणी बंद करायची, आणि बंद आहे म्हणून आणखी कुणी यायचं नाही, या चक्रात आम्ही सापडलो आहोत. आणि हे चक्र तुटतं, हेही दिसून आलं आहे. त्याच प्रांतात १९९० च्या दशकाच्या शेवटी अशा रुग्णांना खास केंद्रांकडे पाठवण्याची शिफारस आली, पाठवणं वाढलं, आणि त्यानंतर या रुग्णांमधले मृत्यू कमी झाले. त्यात वेगळं औषध नव्हतं, वेगळं यंत्र नव्हतं. योग्य माणसाकडे पाठवलं जात होतं, एवढंच.

"सर्वसाधारण हृदयरोग विभागात दाखवावे" असं दारावरच्या कागदात म्हटलं आहे. त्या विभागातल्या डॉक्टरांबद्दल मला आदर आहे. त्यांच्यापुढे दिवसभर अडलेल्या धमन्या आणि झटका आलेली माणसं येतात, त्यात ते निष्णात असतात. आमचं हृदय वेगळ्या नकाशाचं आहे. बाकावर भेटणारे एक गृहस्थ साठीच्या जवळ आले आहेत. त्यांची बाळपणी जुन्या पद्धतीची शंट शस्त्रक्रिया झाली, तेव्हा उजव्या हाताकडे जाणारी रक्तवाहिनी कापून फुप्फुसाच्या रक्तवाहिनीला जोडली होती. त्यामुळे त्यांच्या उजव्या मनगटाला नाडी लागत नाही आणि त्या हातावर रक्तदाब खोटा कमी येतो. एकदा ते चक्कर येऊन पडले तेव्हा त्याच हातावर रक्तदाब घेऊन तो वाढवायची औषधं सुरू झाली होती. शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी डावा हात पुढे केला. आता त्यांच्या खिशात कायम एक चिठ्ठी असते: रक्तदाब डाव्या हातावर घ्यावा.

अशा किती गोष्टी सांगू. महाधमनीची अरुंद जागा कापून जोडलेल्यांना, जोड उत्तम असला तरी, पुढे उच्च रक्तदाब होतो, जोड पुन्हा आवळतो किंवा तिथे फुगा येतो, म्हणून हातापायांचा रक्तदाब ताडून पाहावा लागतो. ज्यांच्या मुख्य रक्तवाहिन्या उलट्या जोडलेल्या होत्या आणि ज्यांच्यावर १९७५ साली झातेने यांनी दाखवलेली रक्तवाहिन्या बदलण्याची पद्धत रूढ होण्याआधी सेनिंग किंवा मस्टर्ड यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांचा उजवा कप्पा जन्मभर अख्ख्या शरीराला रक्त ढकलतो. तो त्या कामासाठी घडलेला नाही, थकतो, आणि वरच्या कप्प्यांची लय बिघडते. फाँतां शस्त्रक्रिया झालेल्यांचं तर सगळंच निराळं. एकच कामाचा कप्पा, फुप्फुसांकडे रक्त पंपाविना जातं, शिरांमधला दाब कायम चढा. त्याचा भार यकृतावर पडतो, आतड्यातून प्रथिनं गळू शकतात. त्यांना साध्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी भूल देताना व्हेंटिलेटरचा दाब जरा जास्त ठेवला तरी रक्ताभिसरण कोलमडू शकतं. हे ठाऊक असलेला माणूस समोर नसेल तर त्या मुलाने काय करायचं? बाकावर एक तेवीस वर्षांचा मुलगा यायचा. त्याच्या आईच्या हातात फाईल असायची, आणि डॉक्टरांना मुलाऐवजी आईच सगळं सांगायची, कारण त्याला स्वतःच्या हृदयाचं चित्र कुणी कधी समजावलंच नव्हतं.

तिसरी तक्रार नोंदींची. माझी पहिली फाईल नष्ट झाली आहे. एमआरआयच्या आधी नव्या डॉक्टरांना हवं होतं की पॅच कशाचा होता, झडपेच्या कड्यापलीकडे गेला होता का, हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी त्या जागेवरून आडवी जाते का, कारण या आजारात काहींची जाते आणि पुन्हा छाती उघडताना ती कापली गेली तर अनर्थ होतो. मी जिथे ऑपरेशन झालं तिथे गेले. तळघरातल्या खिडकीत बसलेल्या कर्मचाऱ्याने नोंदवहीवर बोट फिरवत सांगितलं की ठरलेल्या मुदतीनंतर जुनी कागदपत्रं काढून टाकतात. तो माणूस चांगला होता, त्याने दोन वर्षांच्या वह्या पुन्हा चाळल्या. सापडलं ते फक्त माझं नाव, वय आणि 'डिस्चार्ज' असा शिक्का. पॅच आयुष्यभर छातीत राहणार असतो. त्याची माहिती दहा-पंधरा वर्षांत टाकून द्यायचा नियम कुणाचा?

चौथी तक्रार मुलींच्या वतीने करते. लग्नाच्या, मुलांच्या निर्णयाआधी आमच्याशी कुणी बोललं नाही. कुणाचं हृदय बाळंतपण सहज सोसेल, कुणाचं जिवावर बेतेल, कुणी कोणत्या गर्भनिरोधक गोळ्या टाळाव्यात, हे दोषागणिक वेगळं आहे आणि ते तपासून सांगता येतं. आईबापांपैकी एकाला हृदयदोष असेल तर बाळाला तो असण्याची शक्यता साधारण तीन ते पाच टक्के, बाकीच्यांच्या काही पट. टेट्रालॉजीच्या काही रुग्णांमध्ये बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गळालेला असतो, आणि मग बाळाला तो जाण्याची शक्यता निम्मी होते. एका रक्ततपासणीने कळणारी ही गोष्ट मला पस्तिशीत कळली. मी त्याआधी काय ठरवलं असतं हा माझा खाजगी प्रश्न आहे, पण ठरवण्यासाठी लागणारी माहिती माझी होती आणि ती मला मिळाली नाही.

दातांचंही तसंच. आत कृत्रिम झडप असणाऱ्याने दात काढण्यापूर्वी अँटिबायोटिक घ्यायला हवं, नाहीतर हिरड्यांतले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसू शकतात. हे प्रत्येक दंतवैद्याने विचारावं अशी अपेक्षा मी करत नाही. रुग्णाला माहीत असावं, एवढं तरी.

आता मागण्या.

डिस्चार्जच्या कागदावरून 'टोटल करेक्शन' आणि 'गरज वाटल्यास' हे शब्द काढून टाका. त्या जागी दोषाचं पूर्ण नाव, नेमकी काय शस्त्रक्रिया केली, काय शिवलं, काय राहिलं आणि पुढची तपासणी किती वर्षांनी, हे लिहा. आईबापांना कळेल अशा भाषेत लिहा. तपासणी सगळ्यांना सारखी लागत नाही, हे मी जाणते. पडद्याचं छोटं भोक नीट बुजलं आणि मागे काही उरलं नाही तर तीन-पाच वर्षांनी एकदा पाहणं पुरेसं असतं. पण मग तसंच लिहा, आणि 'कायमची सुट्टी' देऊ नका.

शस्त्रक्रियेच्या नोंदी रुग्ण जिवंत असेपर्यंत जपा. हे जमत नसेल तर नष्ट करण्याआधी रुग्णाला कळवा आणि शस्त्रक्रियेच्या टिपणाची प्रत त्याच्या हातात द्या. आजपासून होणाऱ्या प्रत्येक ऑपरेशनची प्रत तर त्याच दिवशी द्यायला काहीच अडचण नाही.

बाराव्या-तेराव्या वर्षापासून मुलाशी स्वतः बोला. हृदयाचं चित्र काढून दाखवा, तुझ्यात हे इथे असं आहे, ही लक्षणं दिसली तर लगेच ये. अठराव्या वर्षी त्याला नुसतं बाहेर सोडू नका. पुढच्या डॉक्टरांचं नाव, तारीख आणि फाईल हातात द्या, आणि तो तिथे पोचला का हे फोन करून विचारा. पोचला नसेल तर पुन्हा विचारा.

बंद केलेली तपासणी सुरू करा. जिथे कधीच नव्हती तिथे नवी सुरू करा. आम्ही वेगळी इमारत मागत नाही. आठवड्यातला अर्धा दिवस, प्रौढांमधल्या जन्मजात हृदयदोषाचं प्रशिक्षण घेतलेला एक डॉक्टर, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नीट काढणारा एक जण, फोन करणारी एक परिचारिका आणि एक नोंदवही. ब्रिटनच्या हृदयरोगतज्ज्ञ जेन सॉमरविल यांनी 'ग्रोन-अप कंजेनायटल हार्ट', म्हणजे जन्मजात दोषासह मोठी झालेली माणसं, असं आम्हाला वेगळं नाव दिलं, त्याला कित्येक दशकं झाली. मोठी केंद्रं प्रत्येक ठिकाणी होणार नाहीत. पण प्रत्येक रुग्णालयाला आपल्या रुग्णाला कुठल्या केंद्राकडे पाठवायचं हे ठरवून तसं लिहून देता येईल.

आणि ज्यांना आपण पूर्वी सोडून दिलंत, त्यांना परत बोलवा. ज्या नोंदवह्या उरल्या आहेत त्या उघडा, पत्ते शोधा, वर्तमानपत्रात निवेदन द्या, साध्या दवाखान्यांना कळवा की छातीवर मधोमध उभा व्रण असलेला मोठा माणूस आला तर त्याला विचारा, कसला आहे. माझं निदान त्या एका प्रश्नाने झालं.

या मागण्यांमध्ये आपल्या कामाचा अनादर कुठेही नाही. आमच्यातला प्रत्येक जण आपण दिलेल्या श्वासावर जगतो आहे. ते सांभाळण्यासाठी आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे जावं, हे आम्हाला ठाऊक नाही.

माझी पुढची तपासणी पाच महिन्यांनी आहे. होल्टर, म्हणजे दिवसभर ठोक्यांची नोंद करणारं छोटं यंत्र, लावायचं आहे आणि नव्या झडपेतला दाब पाहायचा आहे. त्या दिवशी कुठल्या खोलीशी येऊन बसायचं, ते कृपया कळवावं. शेजारच्या बाईंनाही सांगायचं आहे.

आपली,
तिसऱ्या आणि चौतिसाव्या वर्षी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली एक रुग्ण